सनई घरी येते तेव्हा

गेल्या महिन्यात आजोळी एका लग्नाला गेले होते. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दारात केळीचे खांब, आत अत्तर-गुलाबपाणी, पेढ्यांची ताटं, झगमगत्या साड्या आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. मंगल कार्यालयात शिरताना कानावर सनई पडली नाही, तर लग्नाला आल्यासारखं वाटतच नाही, हे तुम्हीही कबूल कराल.

ही सनई कुणाच्या तरी मोबाइलवरून लावलेली होती. ऐन मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला, वऱ्हाडाने मुठीत अक्षता घेतल्या आणि सनई मध्येच थांबून एक तरुणी मोठ्या उत्साहाने गृहकर्जाचे व्याजदर सांगू लागली! कार्यालयभर हशा पिकला. नवरदेवाचा धाकटा भाऊ धावत जाऊन जाहिरात बंद करून आला. पुन्हा खाँसाहेब सुरू झाले.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमच्या आजोळच्या गल्लीतल्या काकी बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नाकात चमकी, मांडीवर पिशवी. सगळे हसत होते तेव्हा त्या हसल्या नाहीत. स्पीकरकडे पाहत एवढंच म्हणाल्या, “ह्यांच्यामुळं आमची चूल थंड झाली बघ. आणि मालकांनी फोटो मात्र ह्यांचाच लावला, देव्हाऱ्याशेजारी.”

काकींचे यजमान सनई वाजवत. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना जाऊन आता बारा वर्षं होतील.

आम्ही मुलं मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी जायचो तेव्हा अण्णा कधी भेटायचेच नाहीत. लग्नसराईत सनईवाला घरी कसा सापडणार? तुळशीचं लग्न लागलं की त्यांच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या. पौषात थोडी उसंत, की पुन्हा बाहेर. सोलापूर, विजापूर, बेळगाव, हुबळी, कधी थेट मुंबई. ज्येष्ठ सरता सरता घरी यायचे. त्यांची परत यायची वेळ आणि शाळा सुरू होणार म्हणून आमची निघायची वेळ जवळजवळ एकच. कधी एसटी स्टँडवरच गाठ पडायची. ते उतरत असायचे, आम्ही चढत असायचो. खांद्याला वळकटी, बगलेत रेक्झिनच्या पिशवीत सनई, मागे संबळवाला आणि सूर धरणारा त्यांचा चुलतभाऊ. आईला ते हटकून विचारायचे, “निघाला? आता तर आलो.”

हा सूर धरणारा माणूस म्हणजे काय, ते सांगते. सनईवाल्यांच्या ताफ्यात मुख्य सनई वाजवणारा एक असतो आणि त्याच्याबरोबर दुसरा एक जण दुसऱ्या सनईवर एकच स्वर अखंड धरून ठेवतो. त्याला सूर म्हणतात. गालात हवा साठवायची, ती बाहेर सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा, आणि स्वर तुटू द्यायचा नाही. अर्धा तास, तास, दोन तास. त्याला ताना नाहीत, टाळ्या नाहीत. त्याने सूर सोडला तर मात्र मुख्य वाजवणाऱ्याच्या पायाखालची जमीनच जाते. अण्णांकडे पैशाची वाटणी व्हायची तेव्हा सूर धरणाऱ्याला त्यांच्याइतकाच वाटा मिळायचा. गल्लीत याचं नवल करत. काकींना ते नवल कधी वाटलं नाही. त्यांना राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. तो पुढे सांगते.

आधी खाँसाहेबांकडे वळते.

बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म २१ मार्च १९१६ चा, बिहारमधल्या डुमराँवचा. मूळ नाव कमरुद्दीन. वडील पैगंबरबक्ष डुमराँवच्या दरबारी सनई वाजवत. गंमत पाहा, सनईची पत्ती ज्या नरकट नावाच्या गवतापासून करतात, ते या डुमराँवच्या परिसरात सोन नदीच्या काठी उगवतं. म्हणजे सनईचा श्वास आणि सनईचा बादशहा एकाच मातीतले! सहा वर्षांचा असताना मुलाला काशीला आजोळी नेलं. मामा अलीबक्ष ‘विलायतू’ काशी विश्वनाथाच्या देवळाशी बांधलेले सनईवादक. भाच्याचं शिक्षण त्यांच्याकडे झालं. रियाज गंगेकाठच्या बालाजीच्या जुन्या देवळात. नौबतखान्यात वाजवायचे आठ आणे मिळत. त्या पैशांचं काय करायचं हेही ठरलेलं. सुलोचनाचा सिनेमा, आणि कुलसुम नावाच्या बाईच्या दुकानातली तुपात तळलेली कचोरी. कचोरी तुपात पडताना जो आवाज येतो, त्यातसुद्धा त्यांना सूर ऐकू यायचे म्हणे. स्वयंपाकघरातल्या आपल्यासारख्यांना हे पटायला हरकत नाही. कढईतल्या आवाजावरून तेल किती तापलं ते आपल्यालाही कळतंच की.

बालाजीच्या देवळाकडे जायला दोन-तीन वाटा होत्या. पण या मुलाला एकच वाट आवडायची. त्या वाटेवर रसूलनबाई आणि बतूलनबाई या गाणाऱ्या बहिणींचं घर होतं. ठुमरी, टप्पा, दादरा यांतलं काहीतरी तिथून कानावर पडायचं. गाण्याची पहिली ओढ आपल्याला या बहिणींमुळे लागली, हे खाँसाहेबांनी पुढे मोठे झाल्यावर मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलं. गाणाऱ्या बायांकडून ऐकलेलं आपलं म्हणून मिरवणारे पुष्कळ. नाव घेऊन ऋण मान्य करणारे थोडे. मला त्यांच्याविषयी पहिला आदर वाटला तो इथे.

सनई हे मुळात उंबऱ्यावरचं वाद्य. देवळाच्या नगारखान्यात, वाड्याच्या दरवाजावर, लग्नाच्या मांडवाबाहेर. वाजवणारे बाहेर बसत, जेवत शेवटच्या पंगतीला. आपल्याकडेही तेच आणि काशीतही तेच. या वाद्याला खाँसाहेबांनी मैफलीच्या बैठकीवर नेऊन बसवलं. १९३७ साली कलकत्त्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यांची सनई ऐकून जाणकार चकित झाले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा दिल्लीत त्यांची सनई होती आणि २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी लाल किल्ल्यावर त्यांनी राग काफी वाजवला. १९५९ साली ‘गूँज उठी शहनाई’ आला. संगीत आपल्या वसंत देसाईंचं, सनई खाँसाहेबांची. चित्रपट गाजला, घरोघर सनई पोचली. खाँसाहेब मात्र त्या झगमगाटात रमले नाहीत. काम आटोपलं आणि काशीला परत.

‘काशीला परत’ हे त्यांच्या चरित्रात सारखं येणारं वाक्य आहे.

परदेशी जायला ते बरीच वर्षं तयार नव्हते. विमानाची धास्ती होती. साठच्या दशकात एडिंबर्गच्या महोत्सवासाठी सरकारने फारच आग्रह धरला, तेव्हा आधी मक्का-मदिनेला नेणार असाल तर येतो, अशी अट त्यांनी घातली, असं सांगतात. ती मान्य झाली. मग एकदा उंबरा ओलांडला तो ओलांडला. माँट्रियलचं जागतिक प्रदर्शन, ओसाकाचं प्रदर्शन, युरोप, अमेरिका, इराण, अफगाणिस्तान, रशिया. सनई सगळीकडे वाजली.

या दौऱ्यांत ते एक गोष्ट करत. काशीबाहेर कुठेही असले, तरी दिवसातून एकदा विश्वनाथाच्या आणि बालाजीच्या देवळाच्या दिशेला तोंड करून बसायचे आणि सनईचा प्याला त्या दिशेला वळवून थोडा वेळ का होईना, वाजवायचे. पाच वेळा नमाज पढणारा हा शिया मुसलमान. नमाजासाठी मक्केची दिशा ठरलेली, आणि सनईसाठी काशीची. दोन्हींत त्यांना कधी भांडण दिसलं नाही. आपण परगावी गेल्यावर घरी फोन करून ‘जेवलात का?’ विचारतो ना, तशातलंच हे काहीतरी असावं.

मोहरमच्या दिवसांत मात्र दौरा नाही, मैफल नाही. त्या दहा दिवसांत त्यांच्या घरात कुणीच सनईला हात लावायचं नाही. आठव्या दिवशी तेवढी सनई निघायची. दालमंडीपासून फातमानपर्यंतचा सुमारे आठ किलोमीटरचा रस्ता खाँसाहेब नौहा वाजवत, रडत, पायी चालायचे. राग नाही, ताना नाहीत, बिदागी नाही. देशोदेशीचे लोक तिकिटं काढून ज्याला ऐकत, तो माणूस आपल्या गल्लीतल्या माणसांत चालत असायचा.

आणि तो गंगेचा किस्सा! तो अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितलेला आहे, पण गाभा एकच. अमेरिकेतल्या चाहत्यांनी त्यांना तिथेच राहायचा आग्रह केला. घर देऊ, शिष्य देऊ, तुम्हाला काशीसारखं वाटेल अशी सगळी व्यवस्था करू. खाँसाहेबांनी विचारलं, ते सगळं ठीक, पण माझी गंगा इथे कुठून आणणार?

हा किस्सा सांगून आपण खूश होतो. पाहा, डॉलर नाकारले, देश नाही सोडला! मला तो थोडा वेगळा दिसतो. परदेशात राहिलेल्या कलावंतांना यावरून नावं ठेवायचं काही कारण नाही. उस्ताद अली अकबर खाँ यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात विद्यालय काढलं आणि २००९ साली जाईपर्यंत तिथे शेकडो परक्या मुलांना मैहरची विद्या दिली. वडिलांकडून मिळालेलं त्यांनी असं फेडलं. ज्याची त्याची रीत. खाँसाहेबांचं एवढंच होतं, की त्यांची सनई ज्यावर उभी होती ते सामानासारखं उचलून नेण्याजोगं नव्हतं. गंगेचा घाट, बालाजीची पायरी, कचोरीचं दुकान, रसूलनबाईंची गल्ली, मोहरमची वाट. यांतलं काय काय पेटीत भरणार?

परत आल्यावर ते कसे राहत, तेही कळण्याजोगं आहे. बेनियाबागेजवळच्या दाट वस्तीतलं जुनं घर. मुलं, सुना, नातवंडं, भाचे, साथीदार, त्यांची बायकामुलं असा मोठा गोतावळा. सगळ्यांचं पान त्या एका सनईवर. फिरायला सायकलरिक्षा. २००१ साली भारतरत्न मिळालं. सुब्बुलक्ष्मी आणि पंडित रविशंकर यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते तिसरे शास्त्रीय कलावंत. भारतरत्न घरात आलं तरी अंगावर फाटकी लुंगी असायची. एका शिष्येने भीत भीत ते सुचवलं, तर त्यांनी हसून तिलाच समजावलं, की मान सनईला मिळालाय, लुंगीला नाही, आणि देवाकडे मागायचंच तर फाटका सूर देऊ नको एवढं मागावं, लुंगी काय, शिवता येते. शब्द माझे आहेत, अर्थ त्यांचा. हे वाचताना आपण मान डोलावतो. पण शेवटच्या वर्षांत पैशांची ओढ फार होती आणि सरकारकडे मदत मागायची वेळ आली, हेही त्याच घरात घडलं. गोतावळा जपणं फुकटात होत नाही. लुंगीच्या गोष्टीबरोबर ही गोष्टही सांगायला हवी असं मला वाटतं.

इंडिया गेटवर, शहिदांसमोर एकदा सनई वाजवायची त्यांची इच्छा राहून गेली. २१ ऑगस्ट २००६ ला ते गेले. काशीतच, फातमानमध्ये, एका लिंबाच्या झाडाखाली त्यांना पुरलं. बरोबर एक सनई ठेवली. मोहरमला आयुष्यभर पायी जिथवर गेले, तिथेच.

सगळ्यांच्या नशिबी अशी परत येणं नसतात. आमच्या आजोळापासून मिरज जवळ, म्हणून ही आठवण. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला स्थिरावले होते. दक्षिणेचा दौरा नेहमीचा. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावर अंथरूण घालायला लावलं, नमाज पढले, दरबारी कानड्यात देवाची प्रार्थना गात गात आडवे झाले आणि तिथेच गेले. त्यांचा देह मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला. दरवर्षी उरुसाला तिथे गाणं-बजावणं होतं. मोठमोठे कलावंत बिदागी न घेता हजेरी लावून जातात. अण्णाही तिथे वाजवायचे, एकही उरूस न चुकवता. बाहेर, दरवाजाशी.

आता काकींच्या रागाकडे येते.

लग्न लागलं, पंगती उठल्या. आम्ही दोघी कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर पान खात बसलो. मी विचारलं, “काकी, अण्णा घरी आले की काय करायचे हो पहिल्यांदा?”

“पहिल्यांदा घरी यायचे न्हाईत,” काकी म्हणाल्या. “तोच तर वांधा.”

अण्णा एसटीतून उतरले की थेट मारुतीच्या देवळात जायचे. हातपाय धुवायचे, सनई काढायची, आणि तिथे पारावर दहा-पंधरा मिनिटं वाजवायची. ऐकायला कोण? एखादा म्हातारा, दोन कुत्री आणि शाळेच्या गळक्या नळाखाली हंडा लावून उभ्या असलेल्या बाया. काकी घरात ती सनई ऐकायच्या. आले म्हणून कळायचं ते तसंच. मग चुलीवर पाणी तापायला ठेवायचं, भाकरीचं पीठ काढायचं. त्यानंतर अण्णा वाण्याकडे जायचे, सहा महिन्यांची उधारी चुकती करायचे. मग संबळवाल्याच्या घरी, मग चुलतभावाच्या घरी, वाटणी द्यायला. ज्याने पहिल्यांदा सनई हातात दिली त्या गुरूच्या म्हाताऱ्या बायकोला एक लुगडं द्यायला. सगळ्यांचं झालं की दिवेलागणीला आपल्या घरी.

“देवाला पहिलं, वाण्याला दुसरं, समद्या गावाला तिसरं. आणि मी? मी शेवटी. सहा महिने घर कुणी ओढलं? पोरांच्या गोवर-कांजण्या कुणी काढल्या? सासू गेली तवा हे हुबळीत होते. निरोप पोचला, तरी मुहूर्त वाजवूनच निघाले. दुसऱ्याच्या मंगलकार्यात रडायचं न्हाई म्हणून. आले तवर आम्ही माती देऊन बसलो होतो.”

मी गप्प बसले. यावर बोलण्यासारखं काय होतं?

काकींनी पुढे सांगितलं ते थोडक्यात लिहिते. आईच्या मातीला पोचता आलं नाही हे अण्णांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या साली मारुतीच्या पारावर त्यांनी सनई वाजवली नाही. वाण्याकडेही गेले नाहीत. उधारी काकींनीच जाऊन दिली. सूर धरणारा चुलतभाऊ तेवढा रोज येऊन अंगणात बसायचा. न बोलता. तेराव्याला अण्णांनी सनई काढली, पत्ती ओली केली, आणि चुलतभावाने आपणहून सूर धरला. एवढंच.

मग कॅसेटी आल्या. कार्यालयांनी टेपरेकॉर्डर घेतले. खाँसाहेबांची कॅसेट एकदा विकत घेतली की हजार लग्नं लागतात. तिला जेवण लागत नाही, एसटीचं भाडं लागत नाही, ती पान मागत नाही. अण्णांच्या सुपाऱ्या एका हंगामात चाळीस होत्या त्या वीसवर आल्या, मग दहावर. शेवटी वरातीत बँड लागतो तिथे मानापुरती सनई, तीही पाच मिनिटं. चुलतभावाने सूर सोडला आणि साखर कारखान्यात लागला. मुलांनी सनईला हात लावला नाही, आणि काकींनी लावू दिला नाही, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं.

“पण मग फोटो?” मी विचारलं. “पोटावर पाय आला तो यांच्याच कॅसेटीमुळं ना?”

“मी पण हेच विचारलं होतं. भांडले होते. तर म्हणाले, अगं, आपल्याला मांडवाबाहेर बसवत होते. ह्या माणसानं सनई आत नेली. आता लोक आपल्याला न्हाई बोलवत, तो त्यांचा हिशेब. ह्यांचं देणं ते ह्यांचं देणं.”

या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही. काकींचंही झालेलं नव्हतं. एका थोर माणसाने वाद्याला आत नेलं आणि त्याच्याच ध्वनिमुद्रिकांनी शेकडो साध्या वाजवणाऱ्यांना बाहेरच्या ओट्यावरूनही उठवलं, ही गोष्ट कितीही फिरवून पाहिली तरी टोचतेच. दोष खाँसाहेबांचा नाही. कॅसेट लावणाऱ्या कार्यालयवाल्याचा तरी किती? आपणच यजमान. मांडवाच्या खर्चात फुलांना हात सैल सोडतो आणि सनईवाल्याच्या बिदागीत घासाघीस करतो. माझ्या स्वतःच्या लग्नातही सनई स्पीकरवरच होती. अण्णा तेव्हा हयात होते. त्यांना आमंत्रण होतं, सुपारी नव्हती. ते आले, अक्षता टाकल्या, जेवले आणि जाताना माझ्या हातावर शंभराची नोट ठेवून गेले. हे मला गेल्या महिन्यापर्यंत आठवलंसुद्धा नव्हतं.

शेवटच्या हंगामात अण्णांना चारच सुपाऱ्या मिळाल्या. वैशाखातच परतले. काकी परसात धुणं धूत होत्या. पारावर सनई वाजेल म्हणून त्यांचे कान तिकडे होते, एसटी येऊन गेल्याचा आवाज आला होता. पारावर काही वाजलं नाही. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात सनई वाजली ती थेट घराच्या उंबऱ्यात. अण्णा चपला काढून, वळकटी खाली ठेवून, दारातच बसले होते, तोंड आत, घराकडे. काकी ओल्या हातांनी परसदाराशी उभ्या राहिल्या.

“किती वेळ वाजवत होते?”

“काय ठाऊक. पिळायचं धुणं तसंच राहिलं.”

“मग काय बोलले?”

“बोलतायत कशाला! म्हणाले, भूक लागलीय. मी म्हटलं, आज देवळात न्हाई गेला? तर म्हणाले, जाईन की संध्याकाळी, देव कुठं जातोय.”

काकी हसल्या. पानाची पिंक टाकायला उठल्या, परत आल्या. मग पिशवीतून आपला मोबाइल काढून माझ्या हातात दिला. नातवाने दिलेला, काचेला तडा गेलेला. “मघाशी वाजत होतं ते यात घालून दे. ते कर्जाचं नको मध्ये.”

मी घालून दिलं. जाहिरात येणार नाही अशा बेताने. लावून दाखवलं. पडद्यावर खाँसाहेबांचं चित्र आलं, डोक्यावर टोपी, गाल फुगलेले. काकींनी फोन कानाशी धरला. आत मांडव आवरणाऱ्या पोरांची आदळआपट चालली होती, तरी त्या डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, “ह्यात सूर कोण धरतंय गं?”

मी पडद्यावर खाली-वर करून पाहिलं. नाव एकट्या खाँसाहेबांचंच होतं.

“नाही लिहिलेलं, काकी.”

“असू दे,” त्या म्हणाल्या आणि फोन पुन्हा कानाशी नेला. “चांगला धरलाय.”